लिंबू सरबताचा कारखाना

मॅन्युअलकाकूंच्या तोंडून साडेसहा वर्षांत मी एकाही कंपनीचं नाव ऐकलं नाही. ज्या कारखान्यांत आम्ही दोघी हेल्मेट घालून दिवस दिवस फिरलो, ज्यांच्या गेटवर नाव हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं, त्यांचंसुद्धा नाही. गेटच्या बाहेर पाऊल पडलं की कंपनीची भाजी व्हायची. नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत एक दुधी होता आणि एक गवार. हायवेच्या पलीकडे सुरण. आणि सगळ्यांत जुनं, सगळ्यांत मोठं, काकूंचं लाडकं म्हणजे कारलं. "उद्या कारल्याकडे जायचंय, बूट घालून ये," असा फोन यायचा. माझी आई सुरुवातीचे दोन महिने खरंच समजत होती, की मुलगी बी.एस्सी. होऊन शेजारणीकडे भाज्या निवडायला जाते. ही नावंसुद्धा मी इथं बदलून लिहिली आहेत. कारलं हे खरं कारलं नव्हतं. सवय लागली ती लागली.

बडोद्याच्या सुभानपुऱ्यात आमच्याच सोसायटीत, समोरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर काकू राहायच्या. लग्नाआधी कुठल्याशा कारखान्याच्या लॅबमध्ये होत्या, मग मुलगा झाला, नोकरी सुटली, आणि मग हे काम सुरू झालं. कारखान्यातलं एखादं यंत्र कसं सुरू करायचं, कसं बंद करायचं, बिघडलं तर आधी कुठला व्हॉल्व्ह फिरवायचा, हे पायरीपायरीनं लिहिलेलं पुस्तक म्हणजे मॅन्युअल. ते लिहून देणारी बाई म्हणून गेटवरचे लोक त्यांना 'मॅन्युअलवाळां बेन' म्हणायचे. त्याचं सोसायटीतल्या मराठी पोरांनी मॅन्युअलकाकू केलं. काकूंनी ते ऐकलं आणि चालवून घेतलं. "निदान कामाचं नाव आहे," म्हणाल्या.

काकांना तरी माहीत असेल, असं मला वाटायचं. काका कोयलीला रिफायनरीत तेहतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. त्यांच्यासमोर प्लांटच्या गोष्टी लपवायच्या म्हणजे कमाल होती. पण काकूंनी त्यांनाही कधी ताकास तूर लागू दिली नाही. काका विचारायचे, "आज कुठे होतीस?" काकू म्हणायच्या, "कामावर." काका म्हणायचे, "अगं, तुझ्या ओढणीच्या वासावरून मी सांगू शकतो." काकू म्हणायच्या, "मग विचारता कशाला? ओढणीला विचारा." काका हसायचे, पण त्यांना ते लागायचंही. मला दिसायचं ते.

काम शिकवायची त्यांची पद्धत एकच होती. ऑपरेटर खुर्चीत बसून सांगायला लागला की त्या वही मिटायच्या. "मोढेथी नहीं भाई, हाथ अडाडीने बताव." तोंडानं नको, हात लावून दाखव. मग तो बिचारा उन्हात तीन मजले चढून व्हॉल्व्हला हात लावून दाखवायचा, आणि तिथं हमखास कळायचं, की खाली सांगितलेला क्रम आणि वरचा क्रम वेगळा आहे. एकदा एक जुना ऑपरेटर वैतागून म्हणाला, "बेन, लखी नाखो ने, ध्यान राखवुं." काकू म्हणाल्या, "ध्यान राखवुं एटले शुं? जमणी बाजू फेरवुं के डाबी?" लक्ष ठेवायचं म्हणजे उजवीकडे फिरवू की डावीकडे, हे त्यांना हवं होतं. माझ्या लिखाणात पहिल्या वर्षी 'काळजी घ्यावी' असं जिथं जिथं आलं, तिथं तिथं त्यांनी लाल पेननं लिहिलं, "म्हणजे काय करू?" पहिल्याच मॅन्युअलमध्ये असे एकेचाळीस प्रश्न निघाले. मी बसून मोजले होते, कारण मला फार राग आला होता.

काम पूर्ण होऊन कंपनीनं सही करून घेतलं, की घरातला प्रत्येक कच्चा कागद बादलीत जायचा. कागद फाडायचं यंत्र काकांनी हौसेनं आणून दिलं होतं. ते तसंच खोक्यात पडून होतं. "पट्ट्या जोडता येतात," हे काकूंचं म्हणणं. त्या बाथरूममध्ये बादलीभर पाण्यात कागद भिजत घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी कणीक मळावी तसे दोन्ही हातांनी मळायच्या. कोपरापर्यंत हात निळे व्हायचे. काका बाहेरून ओरडायचे, "आंघोळ करू की नको मी?" कॉम्प्युटरवरची फाइलही पुसायची. माझ्या लॅपटॉपमधली पुसलीस ना, असं त्या एकदाच विचारायच्या. मी हो म्हटलं की झालं, पुन्हा बघायला यायच्या नाहीत.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, कारण काकूंची पुढची गोष्ट माझ्यामुळे घडली.

माझं लग्न ठरलं आणि पुण्याला जायचं ठरलं. तिथं मला कोणी ओळखत नव्हतं. बडोद्यात 'मॅन्युअलवाळां बेननी छोकरी' एवढी ओळख पुरायची, पण पुण्यातल्या, मुंबईतल्या कंपन्यांना मी मेल करायची तर सगळीकडून एकच उत्तर यायचं: आधी केलेल्या कामाचे नमुने पाठवा. नमुने कुठून पाठवणार? पाच वर्षांत चौदा मॅन्युअलं झाली होती आणि त्यातलं एक पानसुद्धा माझ्याकडे असायला नको होतं. कंपनीचं नावही लिहायची सोय नव्हती. माझ्या बायोडेटात त्या पाच वर्षांसमोर लिहायला काहीही नव्हतं. बावीस ठिकाणी नकार आला. होणाऱ्या नवऱ्यानं साधेपणानं विचारलं, "पण तू नक्की करतेस काय?" तेव्हा मला धड सांगता आलं नाही, आणि मग मी घाबरले. लग्नानंतर मी घरात बसणार आणि हे सगळं केलंच नव्हतं असं होणार, हे मला स्पष्ट दिसायला लागलं.

मी काकूंना म्हटलं, "काकू, तुम्ही नवीन गिऱ्हाइकाला काय दाखवता?"

त्या उठल्या, कपाटातून पुठ्ठ्याची एक फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली. वर लिहिलं होतं: लिंबू सरबत प्रकल्प, क्षमता दिवसाला दहा हजार लिटर. मला आधी वाटलं, खरंच असा कारखाना आहे. आत नकाशा होता, पंप होते, साखर विरघळवायची टाकी होती, लिंबं पिळायचं यंत्र होतं. सुरू करायच्या छत्तीस पायऱ्या होत्या. वीज गेली तर काय करायचं, लाइनमध्ये पाक घट्ट झाला तर काय करायचं, लिंबाच्या बियांनी जाळी तुंबली तर आधी कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा, सगळं होतं. त्रेसष्ट पानं.

"हा कुठे आहे?" मी विचारलं.

"कुठेच नाही. मी बांधला," काकू म्हणाल्या. "लोकांची भांडी दाखवता येत नाहीत ना? मग आपण आपली घ्यायची. घासलेली दिसली म्हणजे झालं. तूही एक बांध. तुला आवडेल त्याचा. महिनाभर लागेल."

मी हो म्हटलं. पण मला ते पोरकट वाटलं. पुण्यातल्या मोठ्या कंपनीला मी लिंबू सरबत पाठवू? ते हसतील माझ्यावर. खरं सांगायचं तर मला महिनाभर थांबायचंही नव्हतं.

माझ्या लॅपटॉपमध्ये कारल्याच्या मॅन्युअलचं एक प्रकरण होतं. सात पानं. ती पूर्णपणे मी लिहिली होती, काकूंनी त्यात एकही लाल खूण केली नव्हती. एकही नाही. आयुष्यात पहिल्यांदा. काकूंनी "पुसलीस ना?" विचारलं तेव्हा मी हो म्हटलं होतं आणि पुसली नव्हती. विकायला नव्हे हो, नुसती अधूनमधून उघडून बघायला. ती सात पानं मला माझी वाटत होती. मी त्यातलं एक पान घेतलं, कंपनीचं नाव काढलं, मालाचं नाव काढलं, चिन्ह काढलं, तारीख काढली, तीनदा तपासलं आणि तीन ठिकाणी पाठवलं.

जे राहिलं ते सांगते. प्रत्येक कारखान्यात पंपांना नंबर असतात. कारल्याच्या जुन्या शेठना तेरा आकडा चालायचा नाही, म्हणून तिथं बारा नंबरच्या पंपानंतर थेट चौदा. पाच वर्षं रोज तेच बघून मला त्यात वेगळं काही दिसेनासं झालं होतं. माझ्या पानावर पंपांची यादी होती. दहा, अकरा, बारा, चौदा. बाहेरच्या माणसाला ती टायपिंगची चूक वाटली असती. पण ज्या तीन ठिकाणी पान गेलं, त्यातल्या एका ठिकाणचा मॅनेजर पूर्वी कारल्यातच होता. केमिकलच्या धंद्यात माणसं अशीच इकडून तिकडे जातात. त्यानं यादी पाहिली आणि जुन्या साहेबाला फोन केला.

फोन काकूंना आला तेव्हा मी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी, समोरच बसले होते. सकाळचे अकरा असतील. फोन स्पीकरवर नव्हता, पण साहेबांचा आवाज मोठा होता. "बेन, आ पानुं तमारुं छे?" पान त्यांनी मोबाइलवर पाठवलं होतं. काकूंनी चष्मा लावला, पान पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. 

"हा, मारुं ज छे," त्या म्हणाल्या. "भूल मारी छे, साहेब. में ज मोकलवा कह्युं हतुं." मीच पाठवायला सांगितलं होतं, असं त्या सांगत होत्या.

पलीकडून बरंच बोलणं झालं. काकू मधून मधून "हा" म्हणत होत्या. साहेब शेवटी म्हणाले, की पंचवीस वर्षांनंतर तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. काकू म्हणाल्या, "साची वात छे." फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "चौदा तसाच ठेवलास."

बस, एवढंच. लाल पेननं लिहावं तसं. मी म्हटलं, "मी फोन करते काकू, मी सांगते त्यांना." त्या म्हणाल्या, "तू सांगितलंस तर तुला पुन्हा कोणी गेटच्या आत घेणार नाही. तुझं सगळं व्हायचंय. माझी काय, होतच आली वर्षं. आता ती सात पानं पूस. माझ्यासमोर." मी पुसली. त्यांनी बादलीतले कागद मळायला घेतले. मीही शेजारी बसून मळले. मला तेव्हा रडायला हवं होतं, असं वाटतं. रडू आलं नाही.

कारलं गेलं. दुधी आणि गवारीचे फोनही चार-सहा महिन्यांत थांबले. कोणी भांडलं नाही, कोणी काही म्हटलं नाही, नुसतं बोलावणं बंद झालं. तरी मी आणखी दीड वर्ष काकूंकडे जात होते, लग्न पुढे ढकललं होतं म्हणून. सुरणाचं थोडं काम होतं. आणि त्या दीड वर्षात काकूंनी मला माझा कारखाना बांधायला लावला. मी आंब्याच्या रसाचा बांधला. त्याच्या पहिल्या खर्ड्यात काकूंनी सव्वीस ठिकाणी "म्हणजे काय करू?" लिहिलं. मी सगळं पुन्हा लिहिलं. पुण्यातल्या कंपनीला आंब्याचा रस पाठवला तेव्हा तिथले एक वयस्कर साहेब मुलाखतीत फाइल उघडून म्हणाले, "कोय पंपात अडकली तर तुम्ही इथं जे लिहिलंय, ते आमच्या खऱ्या मॅन्युअलमध्ये नाहीये." मला काम मिळालं. आज माझ्या फाइलीत तीन कारखाने आहेत, आणि तिन्ही या जगात कुठेच नाहीत. माझं घर त्यांच्यावर चालतं.

काकूंना मी हे फोन करून सांगायची. त्या म्हणायच्या, "छान. जाळी तुंबली तर काय, ते लिहिलंस का?" त्या कशा आहेत हे विचारलं की म्हणायच्या, "मजेत. ह्यांची कटकट चालू आहे." मी त्याचा अर्थ कधी विचारला नाही. मला सोयीचं होतं ते.

गेल्या महिन्यात काकू गेल्या. सकाळी चहा टाकताना बसल्या आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आईनं वाचलं आणि मला कळवलं. मी तिकीट काढलं, बॅग भरली, दूधवाल्याला दोन दिवस दूध नको म्हणून सांगितलं. गाडीत झोपले. बडोदं आलं तेव्हा शेजारच्या बाईंनी उठवलं. मला वाटलं होतं, सुभानपुऱ्याच्या वळणावर काहीतरी होईल मला. रिक्षा वळली, मी पैसे दिले, सुट्टे घेतले. काही झालं नाही. अजूनही झालेलं नाही. वाईट वाटतं असं म्हणावं तर तेही खरं नाही. आत सगळं सुन्न पडलंय, एवढंच मला सांगता येतं.

आम्हा बडोद्याच्या मराठी लोकांतही आता गुजराती रिवाजानं बेसणं होतं. फोटो, हार, पांढरे कपडे, दोन तास लोक येऊन बसतात आणि हात जोडून जातात. सोसायटीच्या आवारात भाड्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या. कारखान्यांच्या गेटवरचे कोणी आले नाहीत. येणार कसे? कुणाला कळवायचं हे काकांना माहीतच नव्हतं. मला माहीत होतं. मी कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर नावं बाहेर आली असती. हे बरोबर केलं की चूक, मला ठरवता आलेलं नाही.

लोक गेल्यावर काका माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. खूप थकलेले दिसत होते.

"मराठी मंडळाच्या पत्रकात तिच्यावर चार ओळी द्यायच्यात," ते म्हणाले. "तूच लिही. तू तिच्याबरोबर होतीस. कुठं कुठं काम केलं तिनं, ते घाल."

"नावं घालता येणार नाहीत काका."

"अजूनही?"

"अजूनही."

त्यांनी मान हलवली. "बरं. नुसतं चांगलं काम केलं असं लिही. आणि ते शेवटचं घालू नकोस हं. तिच्याकडून ती जी चूक झाली, सगळं काम बंद पडलं, ते. लोकांना कशाला."

मी सहज हो म्हणू शकले असते. काकूंनी माझं नाव पोटात ठेवलं होतं, तसंच ते राहिलं असतं. जगात आता ते फक्त मला एकटीला माहीत होतं. पण काका चूक म्हणाले आणि काकूंचं नाव त्या चुकीला कायमचं चिकटून राहणार, हे मला सहन झालं नाही.

"ती चूक काकूंची नव्हती," मी म्हटलं. "ते पान मी पाठवलं होतं. काकूंना न विचारता. त्यांनी माझ्यावर येऊ दिलं नाही."

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्यानं पुसत राहिले.

"मी तिला फार बोललो गं," ते म्हणाले. "किती बोललो. मला इतक्या वर्षांत काही सांगितलं नाहीस आणि बाहेरच्यांना पान देऊन बसलीस, म्हटलं. डोकं चालत नाही तुझं आता, म्हटलं. एकदा तिच्या भावासमोर बोललो. ती चहा गाळत होती. म्हणाली, हो, चुकलंच माझं."

"माझं चुकलं काका," मी म्हटलं. "मला माफ करा."

"तू निदान मला येऊन सांगितलंस," काका म्हणाले. "मी कुणाला जाऊन सांगू?"

खुर्च्या न्यायला टेम्पो आला होता. माणसानं बाकीच्या सगळ्या चढवल्या आणि आमच्याजवळ येऊन उभा राहिला. त्याला आमच्या दोन हव्या होत्या. मी उठले, मग काकांना हात देऊन उठवलं.